वाड्यातली चुन्याची भिंत: अस्तरापासून घोटाईपर्यंत

जुना वाडा दुरुस्तीला काढला की पहिला सल्ला ठरलेला असतो. सगळा गिलावा पाडा, सिमेंटचा करा, वर पुट्टी मारा, कायमची कटकट संपेल. ज्यांना हा सल्ला मानायचा नाही, पण त्याऐवजी नेमके काय करायचे हे सांगणारे कोणी भेटत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. वाईतला आमचा वाडा आम्ही चुलत भावंडांनी मिळून दुरुस्त केला. दिवाणखान्याच्या आरशासारख्या घोटीव (दगडी गोट्याने घासून चकाकी आणलेल्या) भिंती, देवळ्यांवरच्या (भिंतीतल्या कोनाड्यांवरच्या) महिरपी, छताखालून फिरणारा कंगोरा, असे त्यातले बरेच वाचले आणि काही नव्याने केले. माहिती सगळी मिळते, पण तुकड्यातुकड्यांत. कोणी चुन्याबद्दल सांगते, कोणी परवानगीबद्दल, आणि गवंडी तर विचारल्याशिवाय काहीच सांगत नाही. ते सगळे ज्या क्रमाने लागते त्या क्रमाने इथे मांडले आहे.

आधी सिमेंटचा प्रश्न मिटवू. शनिवारवाडा १७३२ मध्ये उभा राहिला आणि पोर्टलंड सिमेंटचे पेटंट इंग्लंडमध्ये निघाले १८२४ मध्ये. पेशवाईतले वाडे सिमेंटशिवायच उभे राहिले आणि त्यांच्या भिंती तशाच वागतात. खाली काळ्या दगडाचे जोते, वर सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, मधे मातीत किंवा चुन्यात रचलेल्या विटा, काही ठिकाणी नुसती पांढऱ्या मातीची भिंत. या भिंतीत जमिनीतून आणि पावसातून ओल शिरते आणि चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू बाहेर पडते. सिमेंटचा थर दिला की ती बाहेर पडायची वाट बंद होते. ओल आत साठते, क्षार विटेच्या तोंडाशी येऊन स्फटिक धरतात आणि वीट भुसभुशीत होते. दोन-तीन पावसाळ्यांनंतर सिमेंटचा अख्खा पापुद्रा विटेची पाठ घेऊन सुटतो. शिवाय लाकडी सांगाडा ऋतूप्रमाणे थोडा हलतो. चुना त्याच्याबरोबर हलतो, सिमेंट तडकते.

१. कागदपत्रे आणि परवानग्या

हे कंटाळवाणे आहे, पण पहाड (उंचावरच्या कामाची परांची) बांधल्यावर काम थांबले तर ओला गिलावा उघडा पडतो. म्हणून एक फाइल आधी तयार करा:

- मालमत्ता पत्रक आणि सिटी सर्व्हेचा नकाशा
- मालमत्ता कराची चालू पावती
- सगळ्या सहहिस्सेदारांची लेखी संमती, वारसनोंद अर्धवट असेल तर ती पूर्ण करून
- भाडेकरू असतील तर त्यांच्याशी लेखी बोलणे: कोणती खोली, किती दिवस, सामान कुठे
- जुन्या इमारतींचा अनुभव असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल
- प्रत्येक भिंतीचे, प्रत्येक देवळीचे कामाआधीचे फोटो

त्यानंतर दोन गोष्टी तपासा. वाडा पालिकेच्या वारसा यादीत आहे का, आणि असल्यास कोणत्या श्रेणीत? श्रेणी असेल तर आतल्या सजावटीलाही वारसा समितीची परवानगी लागू शकते. दुसरे, जवळ केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक आहे का? स्मारकांच्या कायद्यात २०१० साली झालेल्या बदलानंतर अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंतचा पट्टा प्रतिबंधित आणि पुढचा २०० मीटरचा पट्टा नियंत्रित असतो. पुण्यात शनिवारवाड्याभोवती राहणाऱ्यांना हे आकडे तोंडपाठ आहेत. तिथे दुरुस्तीलाही परवानगी घ्यावी लागते. अर्जात ‘नूतनीकरण’ असा मोघम शब्द टाकू नका. ‘आहे त्या चुन्याच्या गिलाव्याची चुन्यानेच दुरुस्ती’ असे स्पष्ट लिहा, म्हणजे कागद फिरायला सोपा जातो.

सहहिस्सेदारांची संमती ही या यादीतली सर्वांत अवघड वस्तू. त्याला माझ्याकडे युक्ती नाही. एवढेच सांगतो, की एक नमुन्याची भिंत तयार करून दाखवली की बोलणी मऊ होतात.

२. आधी पाणी थांबवा

नक्षी, घोटाई, रंग हे सगळे शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरचे काम. त्याच्यामागची भिंत ओली असेल तर त्यावर खर्च केलेला प्रत्येक रुपया वाया जातो. म्हणून निदान एक पावसाळा भिंती नुसत्या पाहा. पावसात वाड्यात फिरा, खडूने ओलीच्या कडा आखा, तारीख लिहा.

ओल वरून येत असेल तर कौले, पन्हळी, वळचण आणि भिंत-छपराचा सांधा पाहा. कौलांचा प्रश्न बहुतेकदा फुटक्या कौलांचा नसून सरकलेल्या कौलांचा असतो आणि सरकवतात ती माकडे. वाईकरांना वेगळे सांगायला नको.

ओल खालून येत असेल तर रस्ता पाहा. पेठांमधून आणि आळ्यांमधून डांबराचे आणि काँक्रीटचे थरावर थर चढत गेले आणि रस्ता जोत्याच्या बरोबरीला किंवा वर आला. पावसाचे पाणी दाराशी थांबते आणि पेव्हर ब्लॉकमुळे जमिनीत न मुरता भिंतीकडे वळते. उपाय साधा आहे. भिंतीला लागून फूटभर रुंदीची फरशी काढा, चर खणा, त्यात खडी भरा आणि पाण्याला बाहेर उतार द्या. आतल्या चौकाचेही तेच. चौकातली मोरी साफ आहे ना, तिचे पाणी नेमके कुठे जाते, हे एकदा बादली ओतून बघा.

इथे एक सापळा आहे. भिंतीला भोके पाडून रसायन भरायचे आणि ओल चढणे बंद करायचे, असे सांगणारे भेटतील. दोन-अडीच फूट जाडीच्या, मधे भराव असलेल्या भिंतीत ते रसायन सलग पसरेल याची खात्री नसते. खर्च मोठा, भरवसा थोडा. त्यापेक्षा चर खणा.

ओल थांबल्यावर भिंत वाळायला वेळ द्या. खालच्या फूट-दोन फुटांना लोणा लागलेला असेल तर कोरड्या कुंचल्याने क्षार झाडून गोळा करा आणि घराबाहेर टाका. पाण्याने धुतलात तर ते विरघळून परत आत जातात. हट्टी क्षारांसाठी कागदाचा ओला लगदा भिंतीवर थापायचा, पूर्ण वाळला की सोलून फेकायचा. दोन-तीनदा केले की फरक दिसतो.

३. भिंत वाचा

आता बोटाच्या पेरांनी भिंत ठोकत चला. भरीव आवाज आला तर हात लावू नका. पोकळ आवाज आला तर खडूने वर्तुळ काढा. पोकळ म्हणजे पाडायचेच असे नाही. नक्षीचा किंवा घोटीव भाग मागून सुटलेला असेल तर बारीक भोकातून सिरिंजने आधी पाणी आणि मग चाळलेल्या चुन्याचे पातळ दूध आत सोडतात, वरून कापसाची गादी लावलेली फळी टेकवून ठेवतात आणि गिलावा परत भिंतीला धरतो. आमच्या दिवाणखान्याचा निम्म्याहून अधिक भाग असाच वाचला. ठेकेदाराच्या लेखी हे परवडणारे काम नाही, कारण त्याचा हिशेब चौरस फुटावर चालतो.

पुढे रंगाचे थर. वाड्यातल्या भिंतीवर सफेदी, निळीची सफेदी, डिस्टेंपर, ऑइलपेंट, प्लॅस्टिक पेंट असे कितीतरी थर साचलेले असतात. एका कोपऱ्यात, दाराच्या पाखाजवळ, शस्त्रक्रियेच्या पात्याने पायऱ्यापायऱ्यांनी थर उघडा, म्हणजे प्रत्येक रंगाची बोटभर पट्टी दिसेल. तारेचा ब्रश आणि ग्राइंडर कपाटात कुलूप लावून ठेवा.

हे करताना खाली लाल, पिवळी, काळी रेघ दिसली, पान-फूल दिसले किंवा कापडाची चुणी दिसली, तर तिथेच थांबा. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात आणि चांदवडला होळकरांच्या रंगमहालात भित्तिचित्रे आहेत. त्या काळी ती फक्त सरदारांकडेच काढली गेली असे नाही. चित्र उघडणे हे गवंड्याचे काम नव्हे आणि आपलेही नव्हे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे, इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या शाखा आहेत. त्यांना फोटो पाठवा आणि सल्ला येईपर्यंत त्या भिंतीला कोणालाही हात लावू देऊ नका.

शेवटी जुन्या गिलाव्याचा तुकडा तपासा. सुटलेला सुपारीएवढा खडा काचेच्या भांड्यात ठेवून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाका. आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात कधीच नाही, आणि हे उघड्यावर करायचे. चुना फसफसून विरघळतो आणि तळाशी वाळू, विटांची भुकटी, तागाचे धागे उरतात. वाळूचा रंग, जाडी आणि अंदाजे प्रमाण कळले की नवे मिश्रण कशाच्या जवळ न्यायचे तेही कळते. मातीचा गिलावा फारसा फसफसत नाही. कोकणातल्या घराचा नमुना असेल तर सावध राहा. तिथल्या वाळूत शिंपल्यांचे तुकडे असतात, तेही विरघळतात आणि वाळू कमी असल्याचा भास होतो.

४. चुना मिळवा आणि विरवा

दख्खनचा पठार बेसाल्टचा, इथे चुनखडकाच्या मोठ्या खाणी नाहीत. जुने लोक काळ्या मातीत सापडणाऱ्या चुनखडीच्या गोट्या भाजत. त्यांत मातीचा अंश असल्याने तो चुना किंचित करडा आणि ओलीतही घट्ट होणारा असे. आज बाजारात येणारा चांगला पांढरा चुना बहुधा राजस्थानातल्या गोटण-नागौर भागातला असतो. तो शुद्ध असतो, म्हणूनच फक्त हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने आणि हळूहळू घट्ट होतो. शेवटच्या हाताला, म्हणजे सर्वांत वरच्या थराला, हा उत्तम. खालच्या अस्तरात मात्र त्याला सुर्खीची, म्हणजे नीट भाजलेल्या विटांच्या भुकटीची जोड द्यावी लागते. आजच्या कारखानी विटा भुकटीसाठी घेऊ नका. वाड्यातल्याच पडक्या भिंतीच्या पक्क्या विटा कुटून चाळा. दुकानदाराला दर्जा विचारायचा असेल तर आयएस ७१२ या मानकातला ‘क्लास सी’ म्हणजे असा शुद्ध चुना.

कळीचाच चुना, म्हणजे भाजलेले पण अजून पाण्यात न विरवलेले खडे आणा, पिशवीतली फक्की नको. फक्की हवा खाऊन बसलेली असते आणि तिचे वय कोणी सांगत नाही. कळ्या वजनाला हलक्या, टणक आणि एकमेकींवर आपटल्या की खणखणीत वाजणाऱ्या हव्यात.

विरवताना आधी टाकीत पाणी, मग त्यात थोड्या थोड्या कळ्या. उलटे केले तर उकळता चुना अंगावर उडतो. पाणी अक्षरशः उकळते, म्हणून प्लॅस्टिकचे पिंप चालत नाही. विटांची टाकी किंवा लोखंडी पिंप हवे. चष्मा, रबरी मोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि शेजारी स्वच्छ पाण्याची बादली ठेवा. डोळ्यात गेले तर बराच वेळ पाण्याने धुवून थेट डॉक्टरकडे जायचे, घरगुती उपाय करत बसायचे नाही. मुले आणि मांजरे लांब.

विरलेला चुना बारीक जाळीतून गाळून दुसऱ्या टाकीत सोडा आणि वर चार बोटे पाणी कायम राहू द्या. अस्तरासाठी निदान तीन आठवडे, घोटाईसाठी तीन महिने. त्याहून जास्त मुरला तर उत्तमच. घाई केली तर न विरलेले कण गिलाव्यात जातात, महिन्या-दोन महिन्यांनी तिथे फुगतात आणि भिंतीवर बारीक खड्डे उडतात. तयार घोटीव भिंतीवर ते दिसू लागले की हताशपणे बघण्यापलीकडे काही करता येत नाही. म्हणून चुना पावसाळ्याच्या सुरुवातीलाच विरवायला टाका आणि काम दिवाळीनंतर काढा.

वाळूचेही तेवढेच महत्त्व. कोनदार, बारीक-जाड मिसळलेली, धुतलेली हवी. बाटलीत निम्मी वाळू, वर पाणी, जोरात हलवून तासभर ठेवा. वाळूवर गाळाचा ठळक थर बसला तर ती परत धुवा. नदीची वाळू घेतली तर गाडीबरोबर परवान्याची पावती मागा. क्रश सँड चालते, पण तिच्यातली भुकटी धुवून काढावी लागते.

५. गूळ, बेल, हिरडा: किती आणि का

या विषयावर सर्वांत जास्त दंतकथा ऐकायला मिळतात. गुळाचे पाणी, हिरड्याचा काढा, बेलफळाचा गर, भिजवून वाटलेला उडीद, मेथी हे सगळे जुन्या कामात वापरले जाई आणि आजही संवर्धनाच्या कामांत वापरतात. प्रत्येकाचे काम वेगळे. गूळ मिश्रण मऊ ठेवतो आणि हाताळायला वेळ देतो. बेल आणि उडीद चिकटपणा देतात, पाणी धरून ठेवतात. हिरड्यातल्या तुरट द्रव्यांनी पकड सुधारते.

पण मूठभर जास्त घातले म्हणजे दुप्पट मजबूत, असे होत नाही. गूळ जास्त झाला तर गिलावा घट्टच होत नाही, मुंग्या येतात आणि दमट खोलीत बुरशी धरते. उडदाच्या पाण्याला दुसऱ्या दिवशी असा वास सुटतो की शेजारी चौकशीला येतात. आम्ही गूळ आणि हिरडा रात्रभर भिजवून ते पातळ पाणी फक्त अस्तरात वापरले, शेवटच्या हातात काही नाही. कारण त्या काढ्याने पांढऱ्यावर पिवळसर झाक येते. तुमचा गवंडी स्वतःचे प्रमाण सांगत असेल तर नमुन्यावर करून बघा, वाद घालू नका.

मिश्रण मळण्यासाठी पूर्वी बैलाची घाणी असे. जड दगडी चाकाखाली चुना दिवसभर रगडला जाई. आज रोलरची मळणी मिळाली तर घ्या. काँक्रीटचा फिरता मिक्सर मिश्रण रगडत नाही, त्याच्या नुसत्या गोळ्या करतो. काहीच नसेल तर लाकडी धुमशाने कुटा. पाणी वाढवून मऊ करायचा मोह टाळा, कारण तेच पाणी पुढे भेगा पाडते.

६. गवंडी आणि नमुना

चुन्याचे काम केलेले गवंडी कमी राहिलेत, पण आहेत. देवळांच्या जीर्णोद्धारावर चौकशी करा. ‘येतं मला’ यावर न जाता त्याने केलेली, दोन पावसाळे पाहिलेली भिंत बघायला जा. मग वाड्यातल्याच एका आडबाजूच्या भिंतीवर दोन फूट बाय दोन फुटांचा पूर्ण नमुना करायला सांगा, अस्तरापासून घोटाईपर्यंत, आणि तो महिनाभर तसाच ठेवा. भेगा, रंग, चकाकी, सगळे तिथेच कळते.

पैशाचे बोलणे दोन भागांत करा. अस्तर ब्रासवर, म्हणजे शंभर चौरस फुटांच्या हिशेबाने, द्यायला हरकत नाही. घोटाई आणि नक्षी मात्र रोजावर. घोटाई मोजून दिली तर ती वेळेआधी उरकली जाते, त्यात कारागिराचा दोष नाही. करारात लिहून घ्या: सिमेंट, पांढरे सिमेंट, पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) आणि बाजारातली पुट्टी कुठल्याही थरात नाही. ‘थोडंसं पांढरं सिमेंट टाकलं की लवकर बसतं’ हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल.

इलेक्ट्रिशियनलाही याच बैठकीला बोलवा. गिलावा झाल्यावर वायरसाठी चर पाडणारा माणूस सर्वांत जास्त नुकसान करतो. जुन्या भिंतीत चर न पाडता लाकडी पट्टीवरून वायर न्या. वाड्याला ते शोभतेही.

७. अस्तर

लागणारी हत्यारे: थापी, लाकडी रंधा, ओळंबा, पाणसळ, लांब फळी, घमेली, पाण्याचा फवारा, तागाचे तुकडे, गोणपाट. आणि लाकूड झाकायला भरपूर कागद. ओल्या चुन्याचा शिंतोडा सागवानावर काळा डाग पाडतो, आणि केळफुलाच्या कोरीवकामातून तो काढणे जवळजवळ अशक्य. काच आणि ॲल्युमिनियमही चुना खातो, तेही झाका.

सुटा गिलावा काढा, विटांचे सांधे बोटभर खोल कोरा, धूळ झाडा. आदल्या संध्याकाळी आणि कामाच्या सकाळी भिंत भिजवा. कोरडी भिंत गिलाव्याचे पाणी ओढून घेते आणि थर पकड न धरता सुटतो. मातीची भिंत असेल तर मात्र नुसता फवारा मारा, नाहीतर भिंतच विरघळायची.

पहिल्या अस्तराला एक भाग चुन्याचा लगदा, दोन ते तीन भाग वाळू-सुर्खी आणि बोटभर लांबीचे तागाचे तुकडे. ते थापीने जोरात भिंतीवर मारायचे, लोण्यासारखे पसरायचे नाही. जाडी दहा-बारा मिलिमीटरच्या वर नको. खड्डा खोल असेल तर विटांचे तुकडे चुन्यात बसवून आधी भरून घ्या. थर आवळू लागला की रंध्याने दाबा आणि दुसऱ्या दिवशी परत दाबा. बारीक भेगा यातच मिटतात. मग तिरक्या रेघा ओढून ठेवा.

दुसरे अस्तर सहा ते आठ मिलिमीटर, जरा बारीक वाळूचे. दोन अस्तरांत निदान आठ-दहा दिवस. नखाने दाबून खूण उमटली तर अजून थांबा. चुना बाहेरून आत घट्ट होत जातो आणि महिन्याला साधारण एक मिलिमीटर या चालीने, म्हणून खालचा थर झाकण्यापूर्वी त्याला हवा मिळायला हवी. या काळात पंखे, हॅलोजन, उन्हाचा झोत काही नको. खिडक्या लोटून घ्या, दिवसातून दोन-तीनदा फवारा मारा, बाहेरच्या बाजूला ओले गोणपाट टांगा. एप्रिल-मेमध्ये हे काम काढूच नका.

८. कंगोरे, महिरपी, फुले

सरळ कंगोऱ्यासाठी जुन्या शाबूत भागाचा छेद कागदावर उतरवा, तो जस्ती पत्र्यातून कापा आणि पत्रा लाकडी घोडीवर ठोका. भिंतीवर सरळ पट्टी मारून त्यावरून ही घोडी ओढत न्यायची, पुढे चुना भरत जायचा. पहिल्या दहा फेऱ्यांत काही दिसत नाही, मग अचानक कडा उठतात. कोपरे हाताने जुळवावे लागतात, तिथेच कारागीर ओळखू येतो.

महिरपीची आणि फुलांची जाड नक्षी असेल तर आत लाकडी खुंट्या किंवा काथ्याची गुंडाळी असते. त्यावर चुना चढवत नेतात, ओला असताना कोरतात. तुटलेल्या फुलाच्या जागी साच्यातून काढलेले पीओपीचे फूल चिकटवायचा सल्ला मिळेल. कोरड्या खोलीत ते काही वर्षे टिकेल. ओलसर भिंतीवर मऊ पडेल आणि शेजारच्या चुन्यापेक्षा वेगळेच पांढरे दिसेल ते निराळे. एखादी पाकळी गेली असेल तर ती गेलेली राहू द्या, असे माझे मत. सगळे कोरे करकरीत केलेले दिवाणखाने मला मंगल कार्यालयासारखे वाटतात.

९. घोटाई

दिवाणखान्याच्या भिंती हाताला थंड आणि गुळगुळीत लागतात, त्या याच्यामुळे. राजस्थानात याच कुळातल्या कामाला अराइश म्हणतात.

तीन महिने मुरलेला, कापडातून गाळलेला चुना आणि संगमरवराची बारीक भुकटी साधारण समभाग घ्या. भुकटी थोडी जास्त चालेल. अस्तर ओलसर करून, पाण्याची चमक गेल्यावर, पातळ हात मारा. तो आवळला की त्याच दिवशी दुसरा. दोन्ही मिळून दोन-तीन मिलिमीटर.

आता वाट पाहायची. बोट टेकवले की चुना बोटाला चिकटू नये, पण ठसा मात्र उमटावा. ही वेळ हवेवर ठरते. पावसाळी दिवशी संध्याकाळ होते, कोरड्या जानेवारीत तासा-दीड तासात गाठते. लवकर सुरू केले तर थर ओढला जातो, उशीर झाला तर चकाकी येत नाही. आधी लोखंडी थापीने एका दिशेने दाबत जा, मग अकीक या कठीण दगडाच्या किंवा गुळगुळीत नदीच्या गोट्याने लहान लहान गोलांत घोटा. जोर मनगटातून नको, खांद्यातून. आमच्या गवंड्याने शेवटी फडक्यातून शंखजिऱ्याची (मऊ, गुळगुळीत दगडाची) भुकटी भुरभुरून परत घोटले आणि भिंतीत खिडकी दिसू लागली.

घोटीव भिंतीत एका दिवसाचे काम दुसऱ्या दिवसाला बेमालूम जोडता येत नाही. सांध्याची रेघ राहतेच. वाड्यात याचे उत्तर बांधणीतच आहे. दोन खांबांमधला एक खण एका दिवसात पुरा करायचा आणि सांधा खांबामागे लपवायचा. त्यासाठी एका खणाला पुरेल एवढी माणसे हवीत. दोघे लावणारे, दोघे घोटणारे, एक माल देणारा. त्या दिवशी पाहुणे बोलावू नका.

१०. रंग आणि सफेदी

चुना तीव्र अल्कली, त्यात प्रत्येक रंग टिकत नाही. गेरू, हुरमुंज (लाल माती), पिवडी (पिवळी माती) हे मातीचे रंग आणि काजळी टिकतात. रंग रात्रभर पाण्यात भिजवा, चुन्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या वर जाऊ नका, नाहीतर हाताला सुटतो. वाळल्यावर छटा बरीच फिकी पडते, म्हणून वाळलेल्या नमुन्यावरूनच ठरवा.

गोवा आणि सिंधुदुर्गातल्या जुन्या घरांत व देवळांत कावीचे काम दिसते. पांढऱ्या गिलाव्यावर हुरमुंज मिसळलेल्या चुन्याचा पातळ लाल थर देऊन, तो ओला असताना अणकुचीदार हत्याराने खरवडून नक्षी काढतात, आणि खालचा पांढरा उघडा पडतो. तुमचे घर तिकडचे असेल तर जरूर करा, ती कला जाणणारे आजही आहेत. देशावरच्या वाड्यात मात्र ती आणू नका.

घोटाई नसलेल्या खोल्यांना नुसती सफेदी पुरते. चुना दुधासारखा पातळ करा, त्यात थोडे बाभळीच्या डिंकाचे पाणी घाला, ओलसर भिंतीवर चार-पाच पातळ हात. लावताना काहीच दिसत नाही, वाळल्यावर पांढरे होते. नवखे लोक इथे जाड हात मारतात आणि मग पोपडे धरतात. स्वयंपाकघराला थोडी नीळ घातली तर जुन्या घराचा तो थंड पांढरा येतो. चुन्यावर प्लॅस्टिक इमल्शन मारू नका. एवढे सगळे केल्यावर वरून रबरी कातडे ओढण्यासारखे ते आहे.

११. काम संपल्यावर

पहिले वर्षभर घोटीव भिंतीला कपाट टेकवू नका, मागे चार बोटे हवा राहू द्या. डाग पडला तर ओल्या मऊ फडक्याने पुसा. लिंबू, व्हिनेगर, बाथरूमचे आम्ल यांनी चकाकी त्या जागी कायमची जाते. खिळे ठोकण्याऐवजी फोटो लाकडी तुळईवरून दोरीने टांगा.

दर दसऱ्याच्या आसपास, पाऊस ओसरल्यावर, पन्हळी आणि बाहेरचा चर साफ करा, भिंती एकदा ठोकून बघा आणि लागेल तिथे सफेदीचा एक हात द्या. मिश्रणाचे प्रमाण, वाळू कुठली, रंग किती, कोणत्या खणात काय केले, हे वहीत लिहून त्याची एक प्रत मालमत्तेच्या फाइलला लावा. उरलेला चुना फेकू नका. झाकणाच्या पिंपात पाण्याखाली ठेवला तर तो वर्षानुवर्षे टिकतो आणि पुढच्या दुरुस्तीला नव्या चुन्यापेक्षा चांगला लागतो. फक्त पिंपावर मोठ्या अक्षरांत ‘चुना’ लिहा, नाहीतर कोणीतरी त्यात लोणचे असेल म्हणून हात घालेल.